फोनो आणि लाइन: एकाच पिनेची दोन सॉकेटे

अडगळीतला टर्नटेबल पुसून नव्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, रेकॉर्डवर सुई टेकवली, आणि आवाज शेवटपर्यंत वाढवूनही खर्ज हरवलेले, पत्र्यावर वाजल्यासारखे क्षीण संगीत ऐकू आले, की यंत्र बिघडले असे समजून नवे घेण्याची घाई होते. पुष्कळदा बिघाड काहीच नसतो. फोनोचा, म्हणजे टर्नटेबलचा, सिग्नल लाइनच्या, म्हणजे सीडी प्लेअरसारख्या यंत्रांसाठीच्या, सॉकेटमध्ये गेलेला असतो, आणि आरसीए पिन (ध्वनियंत्रे जोडणाऱ्या तारेची नेहमीची गोल पिन) दोन्हींत सारखीच चपखल बसत असल्यामुळे ही चूक लक्षातही येत नाही.

सुई ज्यात बसवलेली असते त्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजमधून जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो, तर सीडी प्लेअरच्या लाइन आउटपुटमधून 2 व्होल्टपर्यंतचा. फोनो प्रीअ‍ॅम्प, म्हणजे फोनो सॉकेटामागचे वर्धक मंडल, कार्ट्रिजचा सिग्नल सुमारे शंभरपट करतो. मात्र त्याचे काम तेवढ्यावर संपत नाही. खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले तर खाच इतकी आडवी पसरते की तबकडीवर संगीत थोडेच मावते. म्हणून कोरतानाच खर्ज दाबतात, आणि पृष्ठभागाची खरखर पुढे दाबता यावी यासाठी वरचे स्वर वाढवतात. कोणता स्वर किती दाबायचा वा वाढवायचा हे ठरवणाऱ्या, 1954 च्या सुमारास रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार, 1000 हर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झला सुमारे 20 डेसिबलची घट आणि 20,000 हर्ट्झला जवळपास तेवढीच वाढ असते. फोनो प्रीअ‍ॅम्प नेमके याच्या उलट करतो. लाइन इनपुट यातले काहीच करत नाही, आणि बास-ट्रेबलची बटणे फिरवून ही उणीव नीट भरून निघत नाही. (78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डना हाच वक्र लागू पडेल असेही नाही, पण तो वेगळा विषय.)

उलट चूकही होते. काही टर्नटेबलांत प्रीअ‍ॅम्प आतच असतो आणि मागे फोनो व लाइन असा खटका असतो. तो लाइनवर ठेवून तार फोनो सॉकेटला लावली, तर सिग्नल दोनदा वाढून आवाज फाटतो आणि खर्ज घुमू लागतो. सिरॅमिक कार्ट्रिजचे स्वस्त प्लेअर मात्र लाइनवर चालतात, कारण त्यांचा सिग्नल मुळातच मोठा असतो. पण त्यांची सुई रेकॉर्डवर बरीच जड पडते, म्हणून ती बचत मला खरी वाटत नाही.

लाइन सॉकेटच असलेला अ‍ॅम्प्लिफायर घरात असेल, तर तो बदलण्यापेक्षा साधा वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प घ्यावा आणि उरलेले पैसे नव्या सुईसाठी ठेवावेत. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर फोनो सॉकेटाशेजारी बहुधा अर्थिंगचा छोटा स्क्रू असतो. टर्नटेबलमधून वेगळी बारीक तार निघत असेल, तर ती तिथे किंवा प्रीअ‍ॅम्पच्या तशाच स्क्रूला आवळावी. ती सुटी राहिली तर संगीतामागे सतत घुमणारा ‘हम्म’ येतो, आणि त्याचा दोष पुन्हा टर्नटेबलवरच जातो.