तीन कागद, तीन हात

जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. दरपत्रकं न मागवता थेट खरेदी करायची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली, खरेदी समितीमार्फत घ्यायची १० लाखांवरून २५ लाखांवर. संशोधकांना हायसं वाटलं आणि ते रास्तच आहे. एका रसायनाच्या बाटलीसाठी महिनोन्‌महिने थांबून प्रयोग होत नसतात. पण मर्यादा वाढली म्हणून तपासणी कमी होत नाही. ती खरेदीआधीच्या सह्यांवरून नंतरच्या बिलांवर सरकते, आणि तिथेच आता विद्यापीठं सॉफ्टवेअर बसवू लागली आहेत.

कागद स्कॅन केले, फाईल पडद्यावर आली म्हणजे खरेदी 'स्वयंचलित' झाली, असा एक समज आहे. तीच सात टेबलं, त्याच सात सह्या पडद्यावर आणल्या तर फाईल पूर्वीसारखीच अडकते, फक्त मळत नाही. खरं काम करते ती जुळणी. पुरवठा आदेश सांगतो काय, किती आणि कोणत्या भावाने मागवलं. भांडारातली आवक नोंद सांगते प्रत्यक्षात काय आलं. बिल सांगतं पैसे कशाचे मागितले. हे तिन्ही ओळ न्‌ ओळ जुळले तरच पैसे सुटतात.

समजा, २५० मिलीचे १२० बीकर ८५ रुपये नगाने मागवले. खोकी उघडल्यावर सहा फुटलेले निघाले, भांडारपालाने ११४ लिहिले. बिल मात्र १२० चं, म्हणजे कर सोडून १०,२०० रुपये. सॉफ्टवेअर ११४ गुणिले ८५ करून ९,६९० मंजूर करतं आणि ५१० रुपये अडवून धरतं. पुरवठादाराने सहा बीकर तरी द्यावेत, नाहीतर तेवढी रक्कम बिलातून कमी केल्याचा कागद, म्हणजे क्रेडिट नोट.

हे दिसतं सोपं, पण घोटाळे बारीकसारीक गोष्टींत होतात. आदेशात '१० बॉक्स' आणि आवक नोंदीत '१२० नग' असेल, तर एका बॉक्समध्ये १२ नग हे आधी कुणीतरी भरून ठेवलेलं असावं लागतं. नाहीतर चोख बिलही अडकतं आणि लोक वैतागून जुळणीच बंद करायला लावतात. किरकोळ फरकाची सूट किती द्यायची हाही प्रश्न आहे. २ टक्के ठेवली तर ५,००० च्या बिलावर १०० रुपये सुटतात, ४० लाखांच्या यंत्रावर ८०,०००! म्हणून टक्का आणि ठरावीक रक्कम दोन्ही ठेवायचे आणि त्यातलं जे कमी असेल ते लावायचं.

सगळ्यात मोठी चूक मात्र सॉफ्टवेअरच्या बाहेर होते. मोजायचा कंटाळा म्हणून भांडारात बिल समोर ठेवून आवक नोंद भरली जाते. मग तिन्ही कागद जुळतात, जुळणारच, कारण दुसरा तिसऱ्याची नक्कल असतो. तीन कागद तीन वेगळ्या हातांतून आले तरच जुळणीला अर्थ. यावर उपाय साधा आहे: आवक नोंदवताना पडद्यावर मागवलेली संख्या दाखवायचीच नाही. मोजा आणि लिहा.

आता माझा आवडता भाग, पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक. यात १५ चिन्हं असतात: दोन अंकी राज्य (महाराष्ट्र २७, गोवा ३०), दहा चिन्हांचा पॅन, त्याच पॅनवर त्या राज्यातली ही कितवी नोंदणी ते, मग बहुधा झेड, आणि शेवटी एक तपासचिन्ह. हे शेवटचं चिन्ह आधीच्या चौदांतून निघतं. अंकांची किंमत तीच, ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं करत झेड म्हणजे ३५. डावीकडून पहिल्या चिन्हाला १ ने गुणायचं, दुसऱ्याला २ ने, पुन्हा १, पुन्हा २. गुणाकार ३६ किंवा त्याहून मोठा आला तर त्याला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. चौदा उत्तरांच्या बेरजेला ३६ ने भागायचं आणि बाकी ३६ मधून वजा करायची. बाकी शून्य असेल तर तपासचिन्हही शून्य.

नमुन्यादाखल २७, एबीसीडीई, १२३४, एफ, १, झेड घ्या. बेरीज १८०, बाकी शून्य, म्हणून तपासचिन्ह ०. कारकुनाने घाईत १२३४ चं १२४३ केलं तर बेरीज होते १८१, तपासचिन्ह झेड यायला हवं. समोर आहे ०. चूक जागच्या जागी सापडली. शून्याऐवजी ओ टाइप झाला तरी सापडतो, कारण एकाच चिन्हाची चूक या गणितातून कधीच निसटत नाही. पण १२३४ चं ३२१४ झालं तर? १ आणि ३ दोन्ही २ ने गुणायच्या जागांवर आहेत, बेरीज १८० च राहते आणि चूक सुखरूप आत जाते. शिवाय हे चिन्ह टायपिंगची चूक पकडतं, लबाडी नाही. क्रमांक चालू आहे का हे जीएसटीच्या पोर्टलवरच पाहावं लागतं.

त्या क्रमांकातला पॅन मात्र लबाडीही पकडतो. तीन वेगळ्या नावांची, तीन वेगळ्या लेटरहेडवरची दरपत्रकं आली आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची चिन्हं एकच निघाली, तर स्पर्धा एकाच मालकाची स्वतःशी आहे. फर्म पत्नीच्या नावावर असेल तर पॅन बदलतो. तेव्हा बँक खातं, मोबाईल आणि पत्ता ताडून पाहायचे. याला जाहिरातीत 'एआय' म्हणतात. बहुतेक वेळा ती दोन रकान्यांची तुलना असते. खंडेनवमीला सर्व्हरला हार जरूर घाला, पण आवक नोंद खोटी असेल तर तोही काही करू शकत नाही.

तेच बिल दोनदा येणं हा आणखी एक रोग. 'टीआय/००८७' आणि 'टीआय-८७' माणसाला एकच वाटतात, यंत्राला दोन. म्हणून तिरप्या रेघा, आडव्या रेघा आणि आकड्याच्या सुरुवातीची शून्यं काढून मग तुलना करायची. मात्र आर्थिक वर्ष सोबत धरायचं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक त्या वर्षापुरताच एकमेव असतो, १ एप्रिलनंतर पुन्हा ८७ येऊ शकतो.

उरली खरेदीची फोड. २ लाखांची मर्यादा असताना एकाच विभागातून आठवड्याभरात १,९५,००० आणि १,८८,००० चे दोन आदेश निघतात, वस्तू एकाच जातीची. समितीची पायरी टाळण्यासाठी मागणी अशी तोडायला केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत बंदी आहे. सॉफ्टवेअर मागच्या ३० दिवसांतली त्या विभागाची, त्या गटातली खरेदी जोडून बेरीज दाखवतं. ती अडवू मात्र नये, कारण दोन प्रकल्पांच्या दोन खऱ्या गरजा एकाच आठवड्यात येऊ शकतात. ती बेरीज अंतर्गत लेखापरीक्षकाच्या पडद्यावर जावी. अनेक ठिकाणी ती त्याच विभागप्रमुखाकडे जाते, ज्याने दोन्ही मागणीपत्रांवर सही केलेली असते.