मांडा लगेच फाटतो

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मावशीच्या परसात मी सलग सात मांडे फाडले. पहिला हातावरच फाटला, दुसरा खापरावर टाकताना दुमडला, तिसऱ्यातून पुरण बाहेर आलं आणि खापरावर जळून त्याचा काळा डाग पडला. उरलेल्यांचीही गत तीच. वैशाखातली दुपार, चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या पेटलेल्या, आणि पाटावर बसलेली मावशी शांतपणे म्हणत होती, "कसाले घाबरस? फाटी ते फाटी."

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. खापर म्हणजे मातीचं मोठं, गोल भांडं. ते चुलीवर पालथं घालतात आणि त्याच्या फुगीर पाठीवर पुरणाचा मांडा भाजतात. पोळपाटावर मांडा लहानच लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायचा. वाढता वाढता तो कोपरापर्यंत येतो, इतका पातळ की खालचा हात दिसावा. मग एका झटक्यात खापरावर. अमळनेर, पारोळा, धुळे या पट्ट्यात आखाजीला आमरसासोबत असा मांडा नसेल तर सण झाल्यासारखा वाटत नाही. मावशीचं मनगट आता दुखतं आणि घरात हे काम उचलणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून चाळिशीत मी शिकायला बसलो.

माझा धंदा वेगळाच आहे. जळगावात बसून मी शेतांसाठी ठिबकचे आराखडे करतो. कुठल्या शेताला किती व्यासाची नळी, किती लांब, किती दाबाचं पाणी, हे ठरवायचं काम. त्याला बारा वर्षं झाली. मांडे शिकताना मला या बारा वर्षांबद्दल जे कळलं, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी कणकेकडे बघू, कारण खरा शिक्षक तीच. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी लागलं आणि पीठ मळलं की त्यांची मिळून एक जाळी तयार होते, तिला ग्लुटेन म्हणतात. ग्लुटेनिनमुळे कणीक ताणली की पुन्हा आखडते, ग्लायाडिनमुळे ती न तुटता पसरते. मांड्याला दोन्ही गुण लागतात. म्हणून मावशी पीठ वस्त्रगाळ करते. कोंड्याचा एक कण जरी पातळ पडद्यात राहिला तरी जाळी तिथून उसवते. पुरणातल्या अर्धवट वाटल्या गेलेल्या डाळीचंही तेच. तिंबल्यानंतर कणीक झाकून ठेवायची, त्या वेळात ताणलेली जाळी सैलावते. मी घाईत पुरेसं थांबलो नाही, म्हणून माझा दुसरा गोळा हातावर वाढायच्या ऐवजी सारखा आखडत होता. हे कारण मला वाचून ठाऊक होतं. पण "आता कणीक तयार आहे" हे बोटांना कळायला अजून कितीतरी गोळे जायचे होते.

मावशीला विचारलं, "किती वेळ ठेवायची?" ती म्हणाली, "हातले कयस." हाताला कळतं. हे उत्तर टाळाटाळीचं नव्हतं.

१९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवीन आठवणी साठवता येईनाशा झाल्या. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. हे अवघड काम आहे, हात उलटाच जातो. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला. पण रोज सकाळी तो म्हणत होता की हे काम मी कधीच केलेलं नाही. मिलनर यांनी हे १९६२ मध्ये मांडलं आणि तेव्हापासून हे पक्कं झालं की हाताची आठवण आणि सांगता येणारी आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. मावशीकडे पन्नास वर्षांचं ज्ञान आहे, पण ते शब्दांच्या कप्प्यात नाहीच. आपल्या कचेरीतल्या जुन्या जाणत्या माणसांचंही बरंचसं असंच असतं. त्यांना "कसं करता?" विचारलं की ते दोन ढोबळ वाक्यं सांगतात आणि आपल्याला वाटतं, हे हातचं राखून सांगतात. मला आता वाटतं की अशा माणसांना प्रश्न कमी विचारावेत आणि त्यांच्या शेजारी बसून तेच काम करावं.

मावशीचं शिकवणंही तसंच होतं. ती दर मांड्याला सूचना देत नव्हती. दोन-तीन फाटले की एखादं वाक्य, मग पुन्हा गप्प. सुरुवातीला मला याचा राग आला. पण कॅरोलीन विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच तपासलं होतं. हाताची एक ठरावीक हालचाल शिकताना काहींना प्रत्येक वेळी निकाल सांगितला, काहींना साधारण निम्म्याच वेळा. सरावाच्या वेळी दोघांत फार फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी कुणीच काही न सांगता करून बघायला लावलं, तेव्हा कमी वेळा निकाल ऐकलेले सरस ठरले. दर खेपेला कुणी सांगणारं असलं की आपण त्या सांगण्याला टेकतो आणि स्वतःच्या हाताला काय जाणवतं ते ऐकायचं सोडतो. मावशी गप्प होती, पण मांडा गप्प नव्हता. तो फाटत होता, आणि अर्ध्या सेकंदात फाटत होता.

हा अर्धा सेकंद मला फार महत्त्वाचा वाटतो.

डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली, लहान मेंदू असतो. हालचाल करण्याआधीच तो अंदाज बांधतो की हात असा वळवला तर असं होईल. प्रत्यक्षात वेगळं झालं तर त्या फरकातून पुढचा अंदाज सुधारतो. याची तपासणी करायची एक जुनी रीत आहे. माणसाला लोलकाचा चष्मा घालायचा, म्हणजे समोरची वस्तू आहे तिथून बाजूला सरकलेली दिसते. त्याला त्या वस्तूला बोट लावायला सांगायचं. आधी चुकतो, मग चुकत चुकत काही प्रयत्नांत बोट बरोबर पडायला लागतं. १९९५ मध्ये जपानच्या शिगेरू किताझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात एक बदल केला. बोट लागल्यावर ते कुठे पडलं हे लगेच दाखवायचं नाही, थोडा उशीर करायचा. सेकंदाचा अगदी लहानसा अंश उशीर झाला तरी शिकण्याचा वेग घटला, आणि उशीर जसा वाढला तसं शिकणं आणखी मंदावलं. चूक तितकीच, दिसलीही तितकीच स्पष्ट, फक्त जरा उशिरा.

हे वाचलं त्या रात्री मी माझ्या कामाचा हिशोब मांडला. डिसेंबरात मी आराखडा देतो, नळ्या अंथरल्या जातात. आराखडा बरोबर होता की नाही हे एप्रिल-मेमध्ये, विहिरीचं पाणी खाली गेल्यावर, शेवटच्या केळीच्या झाडाशी ठरतं. तोवर मी दुसऱ्या कामांत असतो. शेवटच्या ओळीतली झाडं लहान राहिली तर शेतकरी खताला दोष देतो, उन्हाला देतो, रोपांना देतो. माझ्यापर्यंत काही येत नाही. बारा वर्षांत माझ्या किती नळ्या टोकाशी कोरड्या राहिल्या असतील, मला माहीत नाही. माझ्या हाताखाली सात मांडे फाटले ते मी मोजले, पण आराखडे कधी मोजलेच नव्हते.

लहान मेंदूचे मिलिसेकंद आणि माझे पाच महिने यांना एकाच तागडीत टाकता येत नाही, हे कबूल आहे. आराखडा काही लहान मेंदू करत नाही. विचाराच्या कामात उशिराचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं, आणि मला ते जास्त धोक्याचं वाटतं. मधल्या काळात आपली आठवण बदलते. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी दौऱ्याआधी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं की अमुक घडण्याची शक्यता किती वाटते. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना त्यांचेच जुने अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं होतं, त्याला आपण आधी जास्त शक्यता दिली होती असं त्यांना आठवलं. खोटं कुणी बोलत नव्हतं. निकाल कळला की जुना अंदाज आपल्या नकळत निकालाकडे सरकतो. मग चूक उरतच नाही, आणि चूक उरली नाही तर शिकायचं कशातून?

म्हणूनच नुसत्या वर्षांवर भिस्त ठेवता येत नाही. २००५ मध्ये डॉक्टरांच्या अनुभवाची वर्षं आणि त्यांच्या उपचाराचा दर्जा यांचा संबंध पाहणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत वर्षं वाढली तशी कामगिरी घसरलेली दिसली. यावरून म्हाताऱ्या डॉक्टरांवर घसरू नये. औषध दिलेला रोगी बरा होऊन घरी बसला की दुसरीकडे गेला, हे डॉक्टरला बहुतेक वेळा कळतच नाही. याउलट हवामानाचा अंदाज देणारे. उद्या पाऊस पडण्याची शक्यता ३० टक्के, असं आज लिहून द्यायचं आणि उद्या आभाळ उत्तर देणार, रोज. अमेरिकेतल्या अशा अंदाजांची तपासणी झाली तेव्हा, ३० टक्के म्हटलेल्या दिवसांपैकी साधारण तितक्याच दिवशी पाऊस पडलेला आढळला. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोघे जाणकारांच्या अंतःप्रेरणेबद्दल एकमेकांच्या विरुद्ध मतांचे. त्यांनी २००९ मध्ये मिळून एक लेख लिहिला आणि दोन अटींवर एकमत केलं. कामात काही नियमितपणा हवा आणि तो शिकायची संधी, म्हणजे निकाल कळायची सोय, हवी. दोन्ही असतील तर जाणकाराच्या "मला वाटतं" ला किंमत आहे.

नोकरीत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना आम्ही सांगतो, चार वर्षं काढा, आपोआप येईल. मी स्वतः असं सांगत आलो. आता सांगवत नाही. पगार किती, हुद्दा काय, हे विचारावंच, पण सोबत हेही विचारावं की माझी चूक मला किती दिवसांत कळेल. आणि उत्तर "वर्षाच्या शेवटी साहेब सांगतील" असं असेल, तर कळायची सोय आपली आपण करावी लागेल.

माझी सोय साधी निघाली. ठिबकच्या एका तोटीतून ताशी ४ लिटर पाणी यायचं असेल, तर तीन मिनिटांत २०० मिलिलिटर जमायला हवं. एक मापाचं भांडं, घड्याळ आणि वही. शेतावर जायच्या आदल्या रात्री मी वहीत लिहितो, शेवटच्या तोटीतून तीन मिनिटांत किती येईल. शाईने, खोडायचं नाही. मग शेतात जाऊन मोजतो. पाच महिन्यांचं अंतर एका रात्रीवर आलं. पहिल्या वीस नोंदींत माझे अंदाज बहुतेक वेळा जास्तच निघाले. म्हणजे बारा वर्षं मी नळ्यांबद्दल जरा जास्तच आशावादी होतो, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मावशीच्या हातांकडे बघून कळली. तिचा कुठलाही मांडा दुसऱ्यासारख्या हालचालीने होत नाही. कधी डावा हात जास्त उचलतो, कधी मनगट लवकर वळतं, कणीक सैल असेल तर गती वाढते. मांडा मात्र तोच. १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन यांनी कामगारांच्या घणाचे घाव छायाचित्रांत पकडले तेव्हा त्यांना हेच दिसलं. कसबी माणसाचा खांदा आणि कोपर दर वेळी थोडे वेगळे चालतात, पण एकमेकांची कसर भरून काढतात आणि घाव जागेवर पडतो. त्यांच्या लेखी सराव म्हणजे तीच हालचाल पुन्हा करणं नव्हे, तोच प्रश्न पुन्हा नव्याने सोडवणं. मी आराखड्याचा एक साचा करून तो वर्षानुवर्षं वापरत होतो. चोपड्याची काळी जमीन असो की सातपुड्याच्या पायथ्याची उताराची.

गेल्या मार्चमध्ये रावेरकडच्या एका केळीच्या शेतात गेलो. आराखडा माझाच, दोन वर्षांपूर्वीचा. वहीत आदल्या रात्री लिहिलं होतं १८५. भांड्यात जमलं १५०. पुन्हा मोजलं, तेवढंच. तोटी साफ, गाळणी साफ, सुरुवातीचा दाब बरोबर. साध्या तोटीचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतं, म्हणजे टोकाला दाब जवळजवळ निम्म्यावर आलेला होता. नळी धरून चालत गेलो, पावलं मोजत. नळी आराखड्यापेक्षा दीडपट लांब निघाली. शेतकरी काका म्हणाले, "शेजारची पट्टी घेतली ना औंदा. तीच नळी जोडून पुढे नेली." लांबी दीडपट झाली की तोट्याही दीडपट होतात, म्हणजे नळीतून वाहणारं पाणीही दीडपट, आणि दोन्ही मिळून दाबाचं नुकसान जवळजवळ तिप्पट होतं. हे काकांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला होतं. शेजारची पट्टी विकाऊ आहे का, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

नव्या पट्टीसाठी त्याच आठवड्यात वेगळी मुख्य नळी टाकून दिली. माझ्या पाहणीच्या अर्जात आता मातीच्या रकान्याच्याही आधी एक ओळ आहे: पुढच्या पाच वर्षांत शेत कुठल्या बाजूला वाढेल?