फॉकनर कुठून वाचायला घ्यावा? : पार्श्वभूमी

'फॉकनर वाचायचा आहे, पण पहिले पुस्तक कोणते घेऊ?' हा प्रश्न इतका सर्रास ऐकू येतो की तो अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनरच्या पहिल्या कादंबरीपासून चालत आला असावा असे वाटते. खरे तर तो १९४६ नंतरचा आहे. त्याआधी निवडीला वावच नव्हता. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा फॉकनरची जवळजवळ सगळी पुस्तके आउट ऑफ प्रिंट झाली होती. 'सँक्च्युअरी' तेवढी मिळायची. बाकीची जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली तर सापडली. तो स्वतः हॉलिवूडमध्ये पटकथा लिहून घर चालवत होता. वाचकाने सुरुवात कुठून करायची, तर हाताला लागेल तिथून.

त्याआधीची वीस वर्षे थोडक्यात सांगता येतील. १९२९ मध्ये 'द साउंड अँड द फ्युरी'ची पहिली छपाई झाली ती १,७८९ प्रतींची. पुढच्या सात वर्षांत 'ॲज आय ले डाइंग', 'लाइट इन ऑगस्ट' आणि 'ॲब्सलम, ॲब्सलम!' आल्या. या शेवटच्या पुस्तकाला फॉकनरने स्वतः काढलेला योक्नापटॉफा या त्याच्या काल्पनिक काउंटीचा (परगण्याचा) नकाशा जोडला होता. क्षेत्रफळ २,४०० चौरस मैल, वस्ती गोरे ६,२९८ आणि काळे ९,३१३, आणि खाली 'एकमेव मालक' म्हणून स्वतःचे नाव. तरीही त्या काळचा अमेरिकन वाचक ही पुस्तके सुटी सुटीच वाचत होता, जशी येत गेली तशी. फ्रान्समध्ये क्रम निराळा लागला. तिथे १९३३ साली 'सँक्च्युअरी'चे भाषांतर आधी झाले आणि 'द साउंड अँड द फ्युरी' १९३८ मध्ये आली. दुसऱ्याच वर्षी एका तत्त्वज्ञाने तिच्यातल्या काळाच्या कल्पनेवर निबंध लिहिला आणि तो अजून अभ्यासला जातो. घरी पुस्तके मिळेनाशी होत असताना पॅरिसमधले तरुण फॉकनरला डोक्यावर घेत होते.

मग १९४६ चा संकलनग्रंथ आला. एका समीक्षकाने फॉकनरशी दीर्घ पत्रव्यवहार करून तो तयार केला. त्याने कथा आणि कादंबऱ्यांतले उतारे निवडले, पण ते प्रकाशनाच्या क्रमाने न लावता गोष्ट ज्या साली घडते त्या क्रमाने लावले, १८२० पासून १९४५ पर्यंत. वाचकाला एकदम एका अख्ख्या परगण्याची सलग बखर हातात मिळाली. या पुस्तकाने फॉकनरला वाचवले, हे कोणी नाकारू नये. चारच वर्षांत, १९५० मध्ये, त्याला १९४९ चे राखून ठेवलेले नोबेल मिळाले, त्यात या ग्रंथाचा वाटा मोठा होता. पण त्याच ग्रंथाने एक समजही रुजवला: ही सगळी एकाच मोठ्या गाथेची पर्वे आहेत, म्हणून त्यांना एक क्रम आहे, आणि तो चुकला तर वाचणाऱ्याचे काहीतरी चुकते. 'कुठून सुरू करू' या प्रश्नातली धास्ती या समजातून आलेली आहे. फॉकनरने लिहिताना असा क्रम पाळला नव्हता. तो मागेपुढे जात, आधीचे तपशील विसरत किंवा बदलत लिहीत गेला.

या ग्रंथातूनच परिशिष्टाचे प्रकरण उभे राहिले, आणि ते जरा सविस्तर सांगायला हवे. संकलनात 'द साउंड अँड द फ्युरी'चा शेवटचा, कॉम्पसन घराण्याची काळी स्वयंपाकीण डिल्सी हिचा भाग घ्यायचे ठरले. आधीचे तीन भाग न वाचता तो कळणार कसा, म्हणून फॉकनरने एक-दोन पानांचा परिचय लिहून देतो असे कळवले. प्रत्यक्षात पाठवली ती कॉम्पसन घराण्याची १६९९ ते १९४५ अशी अडीच शतकांची कहाणी. ती सुरू होते जमीन गमावलेल्या, चिकसॉ या मूळनिवासी जमातीच्या एका सरदारापासून आणि संपते डिल्सीच्या नावाखालच्या, इंग्रजीत दोनच शब्दांच्या वाक्यावर: ते टिकून राहिले. मूळ कादंबरीत घराण्यातली मुलगी कॅडी हळूहळू दिसेनाशी होते. इथे मात्र १९४३ साली गावातल्या ग्रंथपाल बाईला मासिकातल्या एका छायाचित्रात ती एका जर्मन सेनाधिकाऱ्याशेजारी दिसते. लेखन म्हणून हे परिशिष्ट अप्रतिम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वाद आहे तो त्याच्या जागेचा. १९४६ मध्येच 'द साउंड अँड द फ्युरी' आणि 'ॲज आय ले डाइंग' एका जिल्दीत छापल्या गेल्या आणि फॉकनरच्या इच्छेप्रमाणे हे परिशिष्ट पहिल्या कादंबरीच्या आधी, अगदी सुरुवातीला घातले गेले. पुस्तक लिहिले तेव्हाच हे लिहायला हवे होते, म्हणजे सगळे तुकडे आपोआप जुळले असते, असे त्याने संकलनकाराला कळवले होते. पुढची कित्येक वर्षे महाविद्यालयांतून जी प्रत वाचली गेली ती ही. विद्यार्थी पुस्तक उघडायचा तेव्हा ज्याच्या निवेदनाने कादंबरी सुरू होते त्या मतिमंद बेंजीच्या आधी घराण्याचा इतिहास समोर यायचा.

याने काय बिघडते? बेंजीचा भाग वाचताना वाचकाला काही ठाऊक नसणे हे त्या भागाचे बळ आहे. क्वेंटिन नावाची माणसे दोन आहेत, एक मामा आणि एक भाची. बेंजी दोघांचीही नावे घेतो आणि सर्वनाम अचानक पुल्लिंगीचे स्त्रीलिंगी होते. वाचक गोंधळतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. बेंजीसाठी काल आणि आज यांत भिंतच नाही, हे त्या गोंधळातूनच उमगते. दुसरा रस्ता नाही. परिशिष्ट आधी वाचले की कोण १९१० मध्ये मेले, कोण १९२८ मध्ये पळाले, बेंजीवर कोणती शस्त्रक्रिया झाली, हे सगळे आधीच हातात असते. मग वाचन उरत नाही, उत्तरे पाहून ताळा करणे होते.

दुसऱ्या बाजूनेही बोलले गेले आहे. आधाराविना दहाव्या पानावर पुस्तक मिटणारे अनेक. शिकवणाऱ्यांना हे रोज दिसते. शिवाय लेखकाचीच इच्छा होती, मग इतरांनी मोडता का घालावा? ही कादंबरी मी पाच वेळा सांगू पाहिली आणि परिशिष्ट हा पाचवा प्रयत्न, असे तो पुढे म्हणतही असे. पण पाचवा प्रयत्न पहिल्याच्या आधी वाचायला लावणे हे मला पटत नाही. १९४६ चा फॉकनर हा १९२८ च्या फॉकनरचा एक वाचकच होता, आणि तोही आठवणीवर विसंबलेला. कादंबरीत भाची खिडकीतून नासपतीच्या झाडावरून उतरते, परिशिष्टात पावसाच्या पाण्याच्या नळावरून. चोरलेल्या पैशांची रक्कमही जुळत नाही. संकलनकाराने अशा विसंगती दाखवून दिल्या, तर पुस्तक अजून जिवंत आहे आणि जिवंत आहे म्हणून वाढते, बदलते आहे, अशी फॉकनरची भूमिका राहिली. ती भूमिका मला फार आवडते. मात्र परिशिष्ट पुढे नको याचा सर्वांत भक्कम पुरावाही तीच आहे.

१९८४ मध्ये हस्तलिखित आणि टंकलिखित ताडून शुद्ध केलेली संहिता निघाली, तिच्यात परिशिष्ट गाळले होते. नंतरच्या काही आवृत्त्यांनी ते शेवटी जोडले. त्यामुळे आज जुन्या-नव्या मिळून तीन तऱ्हेच्या प्रती फिरतात: परिशिष्ट पुढे, परिशिष्ट मागे आणि परिशिष्टाविना. 'द साउंड अँड द फ्युरीपासून सुरू करा' असे कोणी सांगितले तर तुमच्या हातातली प्रत कोणती, हे आधी पाहायला हवे. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मला मिळाली ती ती जोड-जिल्द होती आणि मी इमानाने पहिल्या पानापासून वाचत गेलो. बेंजी मला आधाराविना कधी भेटलाच नाही. ती पहिली भेट आता परत मिळायची नाही, म्हणून नव्या वाचकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो.

असाच गुंता 'गो डाउन, मोझेस'चा आहे. फॉकनरच्या कादंबऱ्या १९ म्हणायच्या की १८, हे या एका पुस्तकावर ठरते. १९४२ मध्ये ते 'आणि इतर कथा' असे शेपूट लावून निघाले. त्याच्या लेखी ती कादंबरी होती, आणि १९४९ च्या छपाईत ते शेपूट काढले गेले. तिच्यातला 'द बेअर' हा भाग सुटा वाचायला सोपा, म्हणून पहिली पायरी म्हणून तो अनेकदा सुचवला जातो. पण कोणता 'द बेअर'? पुस्तकातल्या पाठाचा चौथा भाग असा आहे की तरुण वारसदार मळ्याच्या जमाखर्चाच्या वह्या वाचतो आणि त्या नोंदींतून त्याला कळते की आपल्या आजोबाने एका गुलाम बाईपासून मुलगी जन्माला घातली, आणि पुढे त्या मुलीपासूनही मूल. त्या मुलीच्या आईने १८३२ च्या नाताळच्या दिवशी ओढ्यात जीव दिला, ही नोंदही तिथेच. साप्ताहिकात छापलेल्या कथेत हे काही नव्हते. १९५५ च्या शिकारकथांच्या संग्रहातही हा भाग नाही. १९४६ च्या ग्रंथात तो होता, पण निव्वळ शिकारीची गोष्ट हवी असेल तर पहिले तीन आणि शेवटचा भाग वाचावा, असे प्रस्तावनेत सुचवले होते. कथा सुटी छापायची तर चौथा भाग गाळावा, असे फॉकनरही म्हणत असे. रचनेच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर असेल. पण तो भाग गाळला की उरते जंगल, अस्वल आणि एक शहाणा होत जाणारा गोरा मुलगा. फॉकनरची सुरुवात त्या वह्या वगळून करणे म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरवून सुरुवात करणे होय.

खुद्द लेखकाला विचारायची सोय १९५७-५८ मध्ये झाली. व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठात तो निवासी लेखक म्हणून राहिला आणि विद्यार्थ्यांबरोबरच्या बैठका टेपवर घेतल्या गेल्या. 'आधी कोणते वाचू' हा प्रश्न तिथे एकापेक्षा अधिक वेळा आला. एकदा त्याने 'द अनव्हँक्विश्ड'चे नाव घेतले, इतरांच्या मानाने सोपे म्हणून. दुसऱ्यांदा 'सार्टोरिस'चे, कारण त्याच्या साऱ्या जगाचे बीज तिच्यात आहे. पण 'सार्टोरिस' ही एका मोठ्या कादंबरीची कापलेली आवृत्ती. ती मोठी कादंबरी 'फ्लॅग्ज इन द डस्ट' नावाने १९७३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी निघाली. त्याआधी १९५६ च्या एका मुलाखतीत, दोन-तीनदा वाचूनही कळत नाही म्हणणाऱ्यांनी काय करावे असे विचारल्यावर त्याचे उत्तर होते: चार वेळा वाचा.

आता पहिले नाव 'ॲज आय ले डाइंग'चे निघते. २००५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका अतिशय लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाच्या पुस्तक मंडळाने तीन कादंबऱ्यांचा संच निवडला: आधी ही, मग 'द साउंड अँड द फ्युरी', मग 'लाइट इन ऑगस्ट'. हा क्रम माझ्या मते कोणत्याही प्राध्यापकी यादीपेक्षा शहाणपणाचा होता. ५९ प्रकरणे, १५ निवेदक, आणि प्रत्येक प्रकरणावर बोलणाऱ्याचे नाव. एक प्रकरण तर इंग्रजीत अवघ्या पाच शब्दांचे. कोण बोलते आहे हे माहीत असते, काय चालले आहे ते माहीत नसते. एवढ्या आधारावर वाचक न कळण्याची सवय करून घेतो, आणि बेंजीकडे जाताना तीच सवय कामाला येते. विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळी करता करता १९२९ च्या शरदात फॉकनरने ती लिहून काढली. नकाशा तेव्हा अजून काढायचा होता.

२०१२ मध्ये लंडनच्या एका प्रकाशनाने बेंजीचा भाग १४ रंगांत छापला, प्रत्येक काळाला वेगळी शाई. कल्पना फॉकनरचीच होती. १९२९ मध्ये प्रुफे तपासताना एका मित्राने काळ बदलल्याची खूण असलेली तिरपी अक्षरे (इटॅलिक) काढून मोकळ्या ओळी घातल्या, तेव्हा फॉकनरने इटॅलिक परत घालायला लावले आणि रंगीत शाई वापरता आली असती तर बरे, असे लिहिले. रंगीत प्रतीसोबत कोणता रंग कोणत्या काळाचा हे सांगणारी खूणपट्टीही होती. म्हणजे किल्ली पुन्हा पुस्तकाच्या आधी हातात.

१ जानेवारी २०२५ रोजी 'द साउंड अँड द फ्युरी'चा अमेरिकेतला प्रताधिकार संपला. परिशिष्ट १९४६ चे, त्यामुळे तिथे त्याची मुदत वेगळी मोजली जाते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा नियम आहे, म्हणून इथे दोन्ही २०२३ च्या सुरुवातीपासून मोकळी आहेत. जोडायचे की नाही, पुढे की मागे, हे इथल्या प्रकाशकाच्या हातात आहे. अमेरिकेतल्या नव्या स्वस्त आवृत्त्यांना मात्र १९२९ चीच संहिता परवानगीविना छापता येते, आणि तिच्यात पहिल्या पानावर ७ एप्रिल १९२८ ही तारीख आहे, खाली कुंपणातून पलीकडे बघत उभा असलेला बेंजी.