खानदेशचा कापूस आणि एकाधिकार खरेदी : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या यादवीमुळे (1861-65) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली आणि गाठी मुंबई बंदराकडे निघाल्या. युद्ध थांबले, भाव कोसळला. भावाचा हा प्रश्न सरकारने अंगावर घेतला तो थेट 1972 मध्ये.

त्या वर्षी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही आणि राज्याबाहेर न्यायचा नाही, असा नियम. केंद्रावर ग्रेडर प्रत ठरवी, हमीदराने चुकारा (मालाचे पैसे) निघे, आणि रुई (सरकी काढलेला कापूस) व सरकी विकून जादा पैसे आले तर फरक मिळे. योजनेच्या भांडवल निधीसाठी चुकाऱ्यातून 3 टक्के कपात होई. चुकारा मात्र हप्त्याहप्त्याने यायचा, आणि पेरणीची उधारी तेवढी थांबत नसे.

खानदेश सीमेवरचा. रावेरहून बऱ्हाणपूर, शिरपूरहून सेंधवा, नंदुरबारहून निझर, सगळेच हाकेच्या अंतरावर. पलीकडे भाव चढला की रात्रीच्या गाड्या सीमेपार जायच्या आणि शेतकरी आपलाच माल विकून गुन्हेगार ठरायचा. पलीकडे भाव पडला की उलटे. परराज्यातला कापूस इथल्या शेतकऱ्यांच्या नावांवर केंद्रांवर यायचा, आणि चढ्या हमीदराने घेतलेली रुई पडत्या बाजारात विकून योजना तोट्यात रुतायची. टीकाकार हा तोटा शेतकऱ्याच्या लाडापायी झाला म्हणत. ते पटण्यासारखे नाही. ज्या राज्याच्या गिरण्या आणि सूतगिरण्या याच कापसावर चालल्या, त्याने पिकवणाऱ्याला किमान भावाची हमी देणे रास्तच होते. चुकली ती सक्ती. हमी ठेवून विक्री मोकळी ठेवता आली असती.

2002 मध्ये खासगी खरेदी खुली झाली, त्याच वर्षी बीटी (बोंडअळीला तोंड देणाऱ्या, जनुक बदललेल्या) वाणांना परवानगी मिळाली. सक्ती गेली, पण हमी अटींमध्ये अडकली. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव जाहीर झाला. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तरच पूर्ण दर. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला कटती, 12 च्या वर माल परत. दिवाळीच्या आसपासची पहिली वेचणी दवात झाली तर ही मर्यादा हमखास ओलांडते. म्हणून दव उठल्यावर वेचायचे, पातळ थरात वाळवायचे आणि कवडी (किडका, डागाळलेला कापूस) व पत्ती (वाळक्या पानांचा कचरा) वेगळी काढायची. कवडी मिसळली की रुईचा रंग जातो, आणि मूठभर कवडीपायी अख्ख्या गाडीची प्रत उतरते.

त्यातच ऑगस्ट 2025 मध्ये, बोंडे भरत असताना, कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवले गेले. गिरण्यांना स्वस्त रुई हवी हे खरे, पण सवलतीची मुदत नेमकी आवकेच्या महिन्यांवर पडली. हमीभाव जाहीर करायचा आणि त्याच हंगामात बाजार खाली ओढायचा, या दोन निर्णयांचा मेळ बसत नाही.

हरभऱ्याच्या बियाण्याला आणि वेचणीच्या मजुरीला पैसा ऑक्टोबरातच लागतो. सरकारी खरेदी केंद्राचा काटा उशिरा लागला की पहिल्या वेचणीचा कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातो, हमीभावाच्या खाली, पण रोखीने.