गुलमर्गचा बर्फ: हवामानाचा अंदाज आणि हिमस्खलनाचे बुलेटिन

गुलमर्गला स्कीइंगसाठी निघालेला पुण्या-मुंबईचा माणूस आठवडाभर आधीपासून मोबाइलवर दोन गोष्टी पाहत असतो. बर्फ किती पडणार आणि गोंडोलाचा, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचा, फेज टू (वरचा दुसरा टप्पा) चालू राहणार का? तिसरी गोष्ट, म्हणजे हिमस्खलनाचे बुलेटिन, फारच थोडे लोक उघडतात. आकाशातून काय पडेल ते हवामानाचा अंदाज सांगतो. जे पडले आहे ते उतारावर टिकेल की घसरेल, हे बुलेटिन सांगते. या दोन्हींचा उगम वेगळा आहे आणि ती तयार झाली तीही वेगवेगळ्या लोकांसाठी.

गुलमर्गमध्ये 1927 साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला, तेव्हा यातले काहीच नव्हते. होते ते काश्मिरी पंचांग: 21 डिसेंबरपासून 40 दिवसांचा चिल्लई कलान, मग 20 दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी 10 दिवसांचा चिल्लई बच्चा. मुक्कामाचा बर्फ पडायचा तो पहिल्या चाळीस दिवसांत. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात तो आणतात. हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ढोबळमानाने बरोबर येत असे.

आपल्याकडे बर्फाचा शास्त्रीय अभ्यास उभा राहिला तो सैन्यासाठी. 1969 साली मनालीत हिम आणि हिमस्खलनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था निघाली. 2020 मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन झाली. सीमेवरच्या चौक्या, रसद आणि खिंडींतले रस्ते या तिच्यापुढच्या मूळ चिंता होत्या. त्यामुळे आजही सार्वजनिक इशारा येतो तो जिल्ह्याच्या नावाने: अमुक जिल्ह्यात, बहुतेक वेळा 2,400 मीटरच्या वर, अमुक पातळीचा धोका. ताफा थांबवायचा की सोडायचा हे ठरवायला एवढे पुरते. गुलमर्गच्या वरच्या अफरवत डोंगराच्या कोणत्या घळीत उतरायचे, हे त्यावरून ठरवता येत नाही. गुलमर्ग ज्यात येते तो बारामुल्ला जिल्हा काही एकच उतार नाही.

आल्प्समध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वर, वाइसफ्लूयोखवर, 1936 पासून बर्फाच्या थरांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. युद्धकाळात सैन्याने तो वापरला आणि 1945 पासून नागरिकांसाठी बुलेटिन निघू लागले. पुढे प्रत्येक देशाने धोका सांगणारी आपापली मोजपट्टी केली. पायऱ्यांची संख्याही देशागणिक वेगळी. सीमा ओलांडून स्की करणाऱ्यांचा त्यात गोंधळ होई, म्हणून 1993 मध्ये युरोपातल्या इशारा देणाऱ्या संस्थांनी पाच पायऱ्यांची एकच पट्टी मान्य केली. आज जगात बहुतेक ठिकाणी तीच किंवा तिचाच अवतार दिसतो.

त्या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. पाच हा विषम आकडा असल्यामुळे पट्टीला बरोबर मध्य मिळाला, आणि मध्य दिसला की माणूस त्याला 'ठीकठाक' समजतो. प्रत्यक्षात पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. एकेका पायरीगणिक धोका थोडाथोडा न वाढता पटींत वाढतो. तिसऱ्या पायरीवर एकट्या स्कीअरच्या वजनानेही उतार सुटू शकतो, कधी कधी तर दूरवरूनही. स्विस नोंदींनुसार हिवाळ्यातल्या सुमारे 30 टक्के दिवसांत तिसरी पायरी जाहीर होते आणि हिमस्खलनातले जवळपास निम्मे मृत्यू त्याच दिवसांत होतात.

चौथ्या पायरीला लोक आपणहून घरी बसतात. पाचवी तर क्वचितच येते: स्वित्झर्लंडमध्ये मोठ्या भागावर ती फेब्रुवारी 1999 मध्ये आली होती (त्याच महिन्यात ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावात हिमस्खलनाने 31 जणांचा बळी घेतला) आणि नंतर जानेवारी 2018 मध्ये. पट्टी करणाऱ्यांची बाजू अशी की पायऱ्या निसर्गाच्या वागण्यावरून ठरवायच्या असतात, पर्यटकाच्या मानसिकतेवरून नव्हे. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण बुलेटिन वाचणारा बहुधा पर्यटकच असतो, हे 1993 मध्येही माहीत होते. आपल्याकडच्या इशाऱ्यांतला 'मध्यम धोका'ही असाच फसवा आहे. वाचणाऱ्याला तो निम्मी परवानगी वाटतो.

गुलमर्गमध्ये हा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो गोंडोलामुळे. 1998 मध्ये कोंगडूरीपर्यंतचा पहिला टप्पा झाला आणि 2005 मध्ये दुसऱ्या टप्प्याने लोकांना थेट 3,900 मीटरच्या पुढे नेले. पावडरसाठी, म्हणजे ताज्या, कोरड्या, भुसभुशीत बर्फासाठी, जगभरचे स्कीअर येऊ लागले. पूर्वी जिथे पोचायला दिवस लागायचा आणि चढताना बर्फ पायाखाली कळायचा, तिथे आता तिकीट काढून काही मिनिटांत जाता येते. हवामानाचा अंदाज मात्र बहुतेक ॲपमध्ये गावाच्या, म्हणजे साधारण 2,650 मीटर उंचीचा असतो. वरचे स्थानक तेराशे मीटर उंच, म्हणजे सहज आठ अंशांनी थंड. खाली भिजका बर्फ किंवा पाऊस पडत असताना वर कोरडी पावडर साचत असते आणि कड्यावरचा वारा ती एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला रचून ठेवतो. 'उद्या 20 सेंटिमीटर' या आकड्यात यातले काहीच येत नाही.

अलीकडच्या हिवाळ्यांनी यात आणखी एक गुंता घातला आहे. 8 फेब्रुवारी 2010 च्या हिमस्खलनात लष्करी प्रशिक्षणातले 17 जवान गेले आणि 1 फेब्रुवारी 2023 ला दोन पोलिश स्कीअर. 2024 चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, गुलमर्गच्या तपकिरी उतारांचे फोटो सगळीकडे फिरले. मग फेब्रुवारीत भरभरून बर्फ आला. लोक आनंदाने निघाले आणि 22 तारखेला एका रशियन स्कीअरचा बळी गेला.

त्या एका घटनेचे कारण काहीही असो, असा क्रम धोक्याचाच. पातळ थर थंड, निरभ्र रात्रींत आतून बदलतो. जमिनीजवळची ऊब आणि वरची थंडी यांच्या ओढाताणीत त्याचे खडीसाखरेसारखे सुटे दाणे होतात आणि पुढचा जड बर्फ त्यांवर बसतो, पण त्यांना चिकटत नाही. म्हणून कोरड्या जानेवारीनंतरची पहिली मोठी बर्फवृष्टी हवामानाच्या अंदाजात खुशखबर असते आणि बुलेटिनमध्ये इशारा.

जानेवारी 2023 मध्ये बनिहाल टॉपसह पश्चिम हिमालयात चार डॉप्लर रडार सुरू झाले. येणारा ढग त्यामुळे आधी दिसतो. जमिनीवरच्या थरांसाठी अजूनही कोणाला तरी फावडे घेऊन खड्डा खणावाच लागतो. 2025 मध्ये बर्फाअभावी देशपातळीवरच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. मार्चमध्ये ऊन चढते, दुपारी बर्फ ओला होतो, आणि सकाळी दहाला सुरक्षित असलेला उतार दोनला सुरक्षित असेलच असे नाही. जिल्ह्याच्या नावाने येणाऱ्या इशाऱ्यात ही वेळ लिहिलेली नसते.