क्यूबवरच्या नक्ष्या: रंगांची मांडणी, फॉर्म्युले आणि नक्षी बिघडली तर

नक्षी काढायला घेण्याआधी रुबिक क्यूब (तीन बाय तीनचा) पूर्ण सोडवून घ्या. अर्धवट सुटलेल्या क्यूबवर खालचे फॉर्म्युले केलेत तर गोंधळ वाढेल, नक्षी काही दिसणार नाही.

पांढरी बाजू वर आणि हिरवी आपल्याकडे धरा. आता उजवीकडे लाल, डावीकडे केशरी, मागे निळा आणि खाली पिवळा रंग यायला हवा. जपानी मांडणीच्या क्यूबमध्ये पांढऱ्यासमोर निळा आणि पिवळ्यासमोर हिरवा असतो. तसा क्यूब असला तरी फॉर्म्युले हेच. फक्त रंगांच्या जोड्या बदलतात. मांडणी ओळखायला मधले सहा तुकडे पाहा. ते आतल्या सांगाड्यावर बसवलेले असतात, त्यामुळे कितीही फिरवा, एकमेकांच्या तुलनेत त्यांची जागा तीच राहते. (चार बाय चारच्या क्यूबला असे स्थिर तुकडे नसतात, तिथे मांडणी कोपऱ्यांवरून वाचावी लागते.)

फॉर्म्युल्यात आर म्हणजे उजवी बाजू, एल डावी, यू वरची, डी खालची, एफ पुढची आणि बी मागची. नुसते अक्षर असेल तर ती बाजू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पाव फेरा फिरवा. अक्षरापुढे ’ असेल तर उलट पाव फेरा, २ असेल तर अर्धा फेरा. काट्यांची दिशा त्या त्या बाजूकडे समोरून पाहून ठरवायची. बहुतेकांची चूक होते ती इथेच: बी आणि डी या बाजू पुढून किंवा वरून पाहत फिरवल्या की दिशा उलटते.

सर्वात सोपी नक्षी बुद्धिबळाच्या पटाची:

आर२ एल२ यू२ डी२ एफ२ बी२

सगळे अर्धेच फेरे असल्याने दिशा चुकायचा प्रश्नच नाही. समोरासमोरचे रंग एकमेकांत मिसळतात. पांढरा-पिवळा आणि निळा-हिरवा पट उठून दिसतो. लाल-केशरी मात्र पिवळट दिव्याखाली जवळजवळ एकच वाटतो. फोटो काढायचा तर दिवसाउजेडी काढा. हाच फॉर्म्युला पुन्हा केला की क्यूब पूर्ववत होतो.

सहा ठिपके आम्हाला जास्त आवडतात, कारण त्यात शेजारचे रंग एकत्र येतात:

यू डी’ आर एल’ एफ बी’ यू डी’

वर सांगितल्याप्रमाणे धरून केलेत तर लाल मधल्या तुकड्याभोवती आठही पांढरे, पांढऱ्याभोवती हिरवे आणि हिरव्याभोवती लाल घर दिसेल. उरलेल्या तीन बाजूंवर केशरीभोवती पिवळा, निळ्याभोवती केशरी आणि पिवळ्याभोवती निळा येतो. तसे आले नाही तर थांबा आणि उलटे या: फॉर्म्युला शेवटाकडून वाचायचा, प्रत्येक पाव फेऱ्याची दिशा बदलायची. म्हणजे डी यू’ बी एफ’ एल आर’ डी यू’. बरोबर आलेली नक्षी मोडायला हाच मार्ग आहे, किंवा मूळ फॉर्म्युला आणखी दोनदा करा.

चार ठिपक्यांसाठी एफ२ बी२ यू डी’ आर२ एल२ यू डी’. पांढरी आणि पिवळी बाजू जशीच्या तशी राहते.

दोनच बाजूंवर ठिपके हवेत, अशी मागणी हमखास येते. ते होत नाही. ठिपका दिसतो तेव्हा मधला तुकडा सरकलेला नसतो, त्याच्याभोवतीचा सगळा क्यूब वळलेला असतो. आणि तो वळला की किमान चार बाजू बदलतात. हिरव्याच्या जागी लाल, लालच्या जागी निळा असे चार ठिपके शेजारी-शेजारी सरकवणेही अशक्य आहे. त्यात कडेच्या बारा तुकड्यांची चार-चारांची तीन चक्रे, म्हणजे विषम अदलाबदल (दोन-दोन तुकडे विषम वेळा अदलून होणारी) होते, तर कोपऱ्यांची सम. क्यूबच्या प्रत्येक पाव फेऱ्यात कडांची आणि कोपऱ्यांची सम-विषमता बरोबरच बदलते, म्हणून असा मेळ बसत नाही.

थोडा सराव झाल्यावर क्यूबमधला क्यूब करून पाहा, १५ चालींचा:

एफ एल एफ यू’ आर यू एफ२ एल२ यू’ एल’ बी डी’ बी’ एल२ यू

एका दमात न करता पाच-पाच चालींचे तीन भाग पाडून पाठ करा.

फॉर्म्युला अचूक करूनही एकच कोपरा वाकडा राहिला, तर तो कोपरा जागेवरच फिरला आहे. सैल क्यूब जोरात फिरवताना असे होते. कोपरा बोटांनी धरून एक-तृतीयांश फेरा वळवा. कडेचा एकच तुकडा उलटा असेल तर वरचा थर अर्धवट, साधारण ४५ अंश फिरवा, तुकडा अंगठ्याने वर उचलून काढा आणि पालटून बसवा. क्यूब पडून सुटा झाला असेल तर तुकडे कसेही कोंबू नका: तसा जोडलेला क्यूब सुटण्याजोगा निघण्याची शक्यता बारात एक असते. रंग जुळवत, सोडवलेल्या अवस्थेतच जोडा.

वारंवार कोपरा फिरत असेल तर मधल्या तुकड्यांची झाकणे काढून सहाही स्क्रू सारखेच, प्रत्येकी पाव फेरा आवळा. आत खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरते. क्यूबसाठीचे सिलिकॉन वंगण दोन-तीन थेंब पुरते.

सुटे स्टिकर मागवताना मांडणी कोणती ते आवर्जून कळवा. पांढऱ्यासमोरचा रंग सांगितला तरी आम्हाला पुरते.