छोट्या रेल्वेचे स्मरणरंजन

ग्रामीण भागातले शाखा-लोहमार्ग बंद पडल्यावर किंवा त्यांचे रूळ रुंद झाल्यावर त्यांच्याविषयी लोकांच्या मनात उरलेली ओढ. महाराष्ट्रात ही ओढ मुख्यतः अडीच फुटी नॅरोगेज मार्गांभोवती दिसते : कुर्डुवाडीची बार्शी लाइट, मूर्तिजापूरची शकुंतला, पाचोरा–जामनेरची ‘पीजे’. जिथे छोटी गाडी जाऊन मोठी आली तिथे ती आठवणीपुरती राहिली. जिथे छोटी गेली आणि तिच्या जागी काहीच आले नाही, तिथे याच ओढीतून मागणी, निवेदने आणि सत्याग्रह उभे राहिले. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय या भावनेचे नीट वर्णन होत नाही.

बार्शी लाइट रेल्वे हे यातले सर्वांत मोठे उदाहरण. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. बार्शीची भरभराटलेली बाजारपेठ मुख्य मार्गापासून २१ मैल आडबाजूला होती. स्वस्तात रेल्वे बांधता आली तर अशा गावांचा माल बैलगाड्यांतून सुटेल, हे त्याने हेरले. १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनी निघाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी गाडी सुरू झाली. कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि तो भार सगळ्या आसांवर सारखा वाटायचा, ही कॅलथ्रॉपची मुख्य युक्ती. त्यामुळे दर यार्ड लांबीला अवघ्या ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले आणि तरीही बऱ्यापैकी माल ओढता आला. इंजिन आणि डबे इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून तपासून घेतले होते. पुढे हा मार्ग पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) आणि मिरज (१९२७) असा वाढत सुमारे ३२५ किलोमीटरांचा झाला. १९५४ मध्ये सरकारने तो विकत घेतला.

आठवणींत मात्र आस आणि रूळ नसतात, वारी असते. आषाढी-कार्तिकीला प्रवासी डबे पुरत नसत. मालाचे डबेही वारकऱ्यांसाठी जोडावे लागत आणि टपावरही माणसे बसत. जात्यावरच्या ओव्यांमध्ये आगीनगाडी येते ती अशाच प्रवासांमुळे. सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या घरांत ‘छोटी गाडी’ म्हटले की जाड पुठ्ठ्याचे तिकीट, त्यावर यंत्राने खट्‌कन उमटवलेली तारीख, खिडकीतून डोळ्यांत जाणारा कोळशाचा कण आणि फळीच्या बाकावरचे गाठोडे एवढे तरी निघतेच. चालत्या गाडीतून उतरून शेतातला हरभरा उपटायचा आणि पुन्हा चढायचे, हा किस्सा तर जवळपास प्रत्येक छोट्या गाडीविषयी सांगतात. तो शब्दशः खरा मानू नये. पण गाडी आपल्या ओळखीची होती, ती आपल्याला टाकून जाणार नाही, हा त्यातला विश्वास खरा आहे.

कुर्डुवाडी–लातूर मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला आणि पंढरपूर–मिरज बाजू त्यानंतर. जुन्या मार्गाने उस्मानाबादला (आता धाराशिव) टाळले होते, त्या शहरासाठी जवळचे स्टेशन येडशी. नवा मार्ग शहराकडून नेला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे पाणी संपले तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी याच वाटेने, ३४२ किलोमीटर. पहिल्या फेरीत दहा वाघिणी (टाकीचे डबे) होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पाच टनांच्या आसाला हे काम झेपले नसते. छोट्या गाडीवर जीव असलेल्यांनीही रुंदीकरण उचलून धरले, त्यामागचे कारण या एका घटनेत दिसते.

शकुंतलेची गोष्ट वेगळी. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला (सुमारे ११३ किमी) आणि दुसरा दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला (सुमारे ७७ किमी) जातो. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबईकडे धाडण्यासाठी किलिक, निक्सन या फर्मच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हे मार्ग उभारले. इतर रेल्वे सरकारजमा झाल्या तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी मध्य रेल्वे चालवी आणि कंपनीला मोबदला देई. ‘इंग्रजांना अजून रॉयल्टी जाते’ असे नेहमी लिहिले जाते, पण ही फर्म स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे आली होती. या दुहेरी कारभारात रुळांची निगा मात्र राहिली नाही आणि गाडीचा वेग घसरत गेला. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून सेवेत होते. ते १५ एप्रिल १९९४ रोजी उतरले आणि डिझेल आले. शेवटच्या काळात मोजक्या माणसांवर सगळे चाले. बऱ्याच स्टेशनांवर तिकीटबाबू नव्हता, गार्डच तिकिटे देई. फाटक आले की गाडी थांबायची, एकाने उतरून फाटक लावायचे, गाडी पलीकडे गेली की उघडायचे आणि पळत येऊन पुन्हा चढायचे.

आता दोन्ही फाट्यांवरची गाडी बंद आहे. एसटीच्या भाड्यापेक्षा शकुंतलेचे तिकीट कितीतरी स्वस्त होते. भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या बाईसाठी आणि तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी ही गाडी म्हणजे परवडणारा रस्ता होता. म्हणूनच ‘शकुंतला बचाव’च्या सत्याग्रहांत जुन्या इंजिनाचे गोडवे कमी आणि ब्रॉडगेजची मागणी जास्त असते. खानदेशात ५६ किलोमीटरांच्या पीजेविषयीही हेच ऐकू येते. करोनाच्या टाळेबंदीत थांबलेली ही छोटी गाडी पुन्हा सुटली नाही.

ब्रिटनमध्ये या ओढीने दुसरे वळण घेतले. तिथे १९५१ मध्ये वेल्समधला टॅलिलिन मार्ग स्वयंसेवकांनी चालवायला घेतला आणि तोट्यातले मार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर शेकडो शाखामार्ग बंद झाले तेव्हा असे प्रयत्न वाढले. कॅलथ्रॉपने बार्शीच्याच धर्तीवर स्टॅफर्डशरमध्ये बांधलेला लीक अँड मॅनिफोल्ड मार्ग १९०४ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंदही पडला. त्याच्या भरावावर आज पायवाट आहे. बार्शीची गाडी त्यानंतरही सत्तर वर्षांहून जास्त धावली, कारण तिला माल आणि वारकरी दोन्ही होते.

महाराष्ट्रात जतन त्या मानाने थोडे झाले. नेरळ–माथेरान (१९०७) पर्यटनामुळे टिकली. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे, तिथे मुख्यतः बंगाल–नागपूर रेल्वेच्या वस्तू आहेत. बार्शी लाइटच्या वाट्याला एवढेही आलेले नाही. कुर्डुवाडीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या फिटर, लोहार, फायरमन यांच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे काम तर इंजिने जपण्याहून निकडीचे आहे.